घरास मानवले, जमिनीस बाधले : विहिरीच्या पाण्याचे रसायन

पाणी चांगले की वाईट हे ठरविण्याच्या आपल्या ग्रामीण कसोट्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. पाणी निर्मळ दिसावे, चवीस गोड लागावे, त्यात डाळ लवकर शिजावी आणि साबणास भरपूर फेस यावा, म्हणजे ते पाणी उत्तम असे आपण मानतो. घरापुरत्या या कसोट्या खोट्या नाहीत. परंतु त्याच कसोट्या शेतास लावल्या असता त्या केव्हा केव्हा अगदी उलट उत्तर देतात, आणि ते उत्तर उलट होते हे ध्यानी येईपर्यंत जमीन हातची गेलेली असते. असे का घडते, हे समजून घेण्यासाठी पाण्याच्या रसायनशास्त्राची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे. हा विषय दिसतो तितका अवघड नाही.

नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील एक अनुभव येथे सांगणे अवश्य वाटते. २०१५-१६ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील अनेक विहिरी तळाला गेल्या. गेवराई तालुक्यातील गोदाकाठच्या एका शेतकऱ्याने विहीर आटल्यामुळे खोल कूपनलिका घेतली. पाणी लागले. प्रस्तुत लेखक तेथे गेला असता घरातील मावशींनी कौतुकाने सांगितले, “साहेब, असलं पाणी साऱ्या गावात नाही. जुन्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नव्हती. या पाण्यात घडीभरात शिजते. साबणाला फेस तर बघा.” लेखकानेही पाण्याची चव घेतली आणि ‘पाणी चांगले आहे, निःशंक द्या’ असा सल्ला दिला. पाण्याचा नमुना तपासणीस पाठविण्याचे मात्र राहून गेले.

तीन वर्षांनी त्याच शेतात पुन्हा जाण्याचा योग आला. मृगाचा पाऊस होऊन आठवडा लोटला तरी शेतात पाणी साचून होते. वाफसा येत नव्हता. जेथे पाणी आटले होते तेथे वर कठीण पापुद्रा धरला होता व सरकीचा अंकुर त्याखालीच मोडला होता. ढेकळे फोडली तर त्यांचे अंग गुळगुळीत व चकचकीत दिसत होते. जमीन चोपण होऊ लागली होती. त्या वेळी प्रथमच पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला, आणि जे पाणी घरास मानवले होते तेच जमिनीस बाधले होते असे निष्पन्न झाले. एका बाटलीभर पाण्याच्या तपासणीने जे टळले असते, ते टळले नाही. ही चूक इतर कार्यकर्त्यांच्या हातून होऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

पाणी, आम्ल आणि अल्क

पाण्याचा प्रत्येक रेणू हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेला असतो. वजनाने पाहिले तर एक भाग हायड्रोजन व आठ भाग ऑक्सिजन, असे हे प्रमाण आहे. पाण्याच्या रेणूचा एक अंगचा गुण असा की, त्याच्या एका बाजूस किंचित धन व दुसऱ्या बाजूस किंचित ऋण विद्युत्‌भार असतो. या गुणामुळे पाणी मिठासारखे पदार्थ सहज फोडून आपल्यात सामावून घेते. म्हणूनच निसर्गात संपूर्ण शुद्ध पाणी सापडत नाही. ज्या खडकातून, ज्या मातीतून ते वाहते त्यांचा काही ना काही अंश ते बरोबर घेते.

पाण्याचे फारच थोडे रेणू आपण होऊन दुभंगतात. शुद्ध पाण्यात सुमारे पंचावन्न कोटी रेणूंत एखादा रेणू या स्थितीत असतो. दुभंगलेल्या रेणूपासून धनभारित हायड्रोजन आयन व ऋणभारित हायड्रॉक्सिल आयन असे दोन भाग होतात. आयन म्हणजे विद्युत्‌भार असलेला कण. शुद्ध पाण्यात हे दोन्ही आयन समसमान असल्यामुळे ते पाणी उदासीन असते. ज्या पदार्थामुळे हायड्रोजन आयन वाढतात तो पदार्थ आम्ल होय. लिंबाचा रस, चिंच, ताक, गंधकाम्ल ही आम्लाची उदाहरणे. याउलट ज्या पदार्थामुळे हायड्रॉक्सिल आयनांचे पारडे जड होते तो अल्क होय. शाळेच्या पुस्तकांत यासच आम्लारी म्हणतात. चुन्याची निवळी, पापडखार, धुण्याचा सोडा हे अल्कधर्मी पदार्थ आहेत. आम्ल व अल्क एकत्र आले म्हणजे ते एकमेकांचा गुण मारतात व त्यांपासून क्षार आणि पाणी तयार होते.

आम्लता किंवा अल्कता किती, हे मोजण्याचे माप म्हणजे सामू. हे माप डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली प्रचारात आणले. सामूची पट्टी साधारणतः ० ते १४ अशी असते. ७ म्हणजे उदासीन, ७ च्या खाली आम्लधर्मी व ७ च्या वर अल्कधर्मी. आपल्या परिचयाचे काही पदार्थ या पट्टीवर पुढीलप्रमाणे बसतात : लिंबाचा रस २ ते २.५, दही ४ ते ४.५, स्वच्छ हवेतील पावसाचे पाणी सुमारे ५.६, दूध ६.६ च्या आसपास, आपल्या काळ्या जमिनी बहुधा ७.५ ते ८.५ आणि चुन्याची निवळी १२ च्या वर. या पट्टीविषयी एक गोष्ट विसरू नये. तिचे प्रत्येक घर दहापटीचे आहे. सामू ८ वरून ९ वर गेला म्हणजे हायड्रोजन आयन दहा पटींनी कमी झाले. म्हणून ८.२ व ९.२ यांतील अंतर कागदावर लहान दिसले तरी जमिनीस ते फार मोठे असते.

सामू बदलल्याची खूण आपल्या घरातच आहे. मुका मार लागला असता हळद व चुना एकत्र कालवून लेप देतात, तेव्हा पिवळी हळद लाल होते. कपड्यावरील हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो. हळदीपासून कुंकू करताना हाच गुण उपयोगात आणतात. हळद ही अल्क दाखविणारी एक दर्शक वस्तू आहे. तिचा उपयोग आपण पुढे एका प्रयोगात करणार आहोत.

पावसाचे पाणी विहिरीत कसे बदलते

पाऊस पडताना हवेतील कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, त्यात विरघळतो व कार्बानिक आम्ल तयार होते. हे आम्ल अगदी सौम्य असते. पुढे हे पाणी जमिनीत मुरते. मुळे व जिवाणू श्वसनाने हाच वायू सोडीत असल्यामुळे जमिनीतील हवेत तो बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक असतो. त्यामुळे मुरणारे पाणी अधिक आम्लधर्मी होते आणि वाटेत लागणाऱ्या चुनखडीस विरघळवू लागते. आपल्या काळ्या जमिनीत जे पांढरे चुनखडे सापडतात ते कॅल्शियम कार्बोनेट होय. आम्लाशी संयोग होऊन त्याचे कॅल्शियम बायकार्बोनेट होते व ते पाण्यात विरघळते. चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळले असता जो फेस येतो तो याच जातीच्या क्रियेचा दृश्य पुरावा आहे.

अशा कॅल्शियम व मॅग्नेशियमयुक्त पाण्यास आपण जड पाणी म्हणतो. त्यातील कॅल्शियम साबणाशी संयोग पावून चोथा होतो, म्हणून फेस येत नाही. डाळीच्या सालपेशींना कॅल्शियम घट्ट करतो, म्हणून डाळ शिजत नाही. पाणी तापविले म्हणजे विरघळलेले बायकार्बोनेट पुन्हा चुनखडीत रूपांतरित होऊन बंबाच्या आत पांढरा थर धरते. गृहिणीस हे पाणी त्रासाचे वाटते यात नवल नाही.

आता खोल कूपनलिकेच्या पाण्याकडे वळू. आपला जिल्हा काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्ट खडकाच्या थरांवर वसला आहे. उथळ विहिरीतील पाणी दर पावसाळ्यात काही प्रमाणात नवे होते. खोल भेगांतील पाणी मात्र दीर्घकाळ खडकाच्या व त्याच्या झिजेपासून झालेल्या चिकणमातीच्या सान्निध्यात राहते. या सान्निध्यात पाण्यातील कॅल्शियम चिकणमातीस चिकटतो व तिच्यातील सोडियम सुटून पाण्यात येतो. अशा रीतीने जड पाणी हळूहळू मऊ होते. कॅल्शियम बायकार्बोनेटाच्या जागी सोडियम बायकार्बोनेट आले, एवढाच याचा अर्थ. सोडियम बायकार्बोनेट म्हणजे आपला खाण्याचा सोडा. डाळ लवकर शिजावी म्हणून स्वयंपाकात चिमूटभर सोडा घालतात. अशा कूपनलिकेच्या पाण्यात तो निसर्गानेच घातलेला असतो. साबणास फेस का आला आणि डाळ घडीभरात का शिजली, याचे उत्तर येथे आहे.

प्रत्येक कूपनलिकेचे पाणी असे असते, किंवा प्रत्येक उथळ विहिरीचे पाणी निर्दोष असते, असा याचा अर्थ कोणी करू नये. नदीकाठच्या सखल, निचरा नसलेल्या भागातील उथळ विहिरींचे पाणीही वाईट निघू शकते. तसेच मऊ पाणी सर्वच वाईट नव्हे. पावसाचे पाणी सर्वांत मऊ, पण ते सर्वांत निर्दोष. सांगावयाचे ते इतकेच की, फेस व चव यांवरून शेतीच्या पाण्याची परीक्षा होत नाही.

शेत म्हणजे चुलीवरचे पातेले

येथे पुष्कळांना शंका येईल की, पाण्यात खाण्याचा सोडा असून असून किती असणार? आपण हिशेब करून पाहू. समजा, एका पाण्यात चुनखडीच्या रूपाने बाहेर पडू शकणाऱ्या बायकार्बोनेटाखेरीज लिटरमागे ४.५ मिलिइक्विव्हॅलंट बायकार्बोनेट शिल्लक उरते. खाण्याच्या सोड्याच्या मापात हे लिटरमागे सुमारे ३७८ मिलिग्रॅम होतात. चिमटीतही न येणारी ही मात्रा आहे. परंतु एका एकरास ५ सेंटिमीटर खोलीची एक पाळी द्यावयाची तर सुमारे २ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे एका पाळीबरोबर एकरी सुमारे ७५ किलो खाण्याचा सोडा आपण आपल्या हाताने शेतात टाकतो. दहा पाळ्यांत हा आकडा साडेसात क्विंटलवर जातो. कोणताही शहाणा शेतकरी दरवर्षी साडेसात क्विंटल सोडा विकत आणून एका एकरात पसरणार नाही, पण न तपासलेल्या पाण्याने हेच काम न कळत होते.

पिकाची मुळे व ऊन पाणी घेऊन जातात, क्षार मात्र शेतातच राहतात. म्हणून शेत हे एक प्रकारचे चुलीवरचे पातेले आहे. पाणी आटत जाते तसतसा खाण्याचा सोडा वायू सोडून धुण्याच्या सोड्यात, म्हणजे सोडियम कार्बोनेटात, रूपांतरित होतो आणि हा खाण्याच्या सोड्यापेक्षा कितीतरी तीव्र अल्क आहे. सामू वाढत जाऊन ८.५ च्या वर जातो.

ही क्रिया गावकऱ्यांना प्रत्यक्ष दाखविता येते. दोन लिटर पाणी स्टीलच्या स्वच्छ पातेल्यात उकळून आटवावे व सुमारे एक पेलाभर उरू द्यावे. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण अल्क त्यास खातो. पाणी निवल्यावर वरचे स्वच्छ पाणी घेऊन त्यात हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेली टीपकागदाची पट्टी बुडवावी. पट्टी तांबडी झाली तर पाण्यात शिल्लक सोडा असल्याचा तो इशारा समजावा. आटविण्यापूर्वी त्याच पाण्यात पट्टी पिवळीच राहते, हेही दाखवावे. ताज्या पाण्यात विरघळलेला कर्बद्विप्राणिल वायू अल्कतेस झाकून ठेवतो. म्हणूनच नुसत्या सामूवर विसंबणे धोक्याचे असते. ताज्या पाण्याचा सामू ७.८ असूनही ते पाणी जमिनीस घातक ठरू शकते. मात्र हा प्रयोग इशाऱ्यापुरताच आहे. मॅग्नेशियम अधिक असलेले पाणीही थोडा रंग दाखवू शकते, यासाठी निर्णय प्रयोगशाळेच्या आकड्यांवरच घ्यावा.

सोडियम मातीचे काय करतो

काळ्या जमिनीतील चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋणभार असतो. त्यांस धनभारित आयन चिकटून राहतात. कॅल्शियमच्या आयनावर दुहेरी भार असल्यामुळे तो कणांना एकत्र धरतो व त्यांची रवाळ, भुसभुशीत घडण टिकवितो. सोडियमचा भार एकेरी व त्याभोवती पाण्याचे वेष्टन मोठे. त्यामुळे सोडियम चिकटलेले कण एकमेकांपासून फुटून अलग होतात व पाण्यात विखुरतात. विखुरलेले कण मातीतील बारीक छिद्रे बुजवितात. मग पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, ओली जमीन चिखल होते व वाळली की दगड होते. धरून ठेवलेल्या एकूण धन आयनांपैकी १५ टक्क्यांहून अधिक सोडियम झाला व सामू ८.५ च्या वर गेला, म्हणजे अशा जमिनीस चोपण म्हणतात. आपल्या भारी काळ्या जमिनीत मात्र याहून कमी सोडियमनेही घडण बिघडू लागते.

खारवट जमीन व चोपण जमीन यांत भेद करावा. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात, उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो, पण मातीची घडण बिघडलेली नसते. निचरा करून भरपूर पाण्याने क्षार धुऊन काढले की ती सुधारते. चोपण जमिनीस नुसते पाणी देऊन धुतल्यास ती अधिकच बिघडते. तिला प्रथम कॅल्शियम मिळाला पाहिजे.

यासाठी दुसरा प्रयोग करावा. काचेच्या दोन पेल्यांत पावसाचे साठविलेले पाणी घेऊन प्रत्येकात संशयित शेतातील चमचाभर माती ढवळावी. एका पेल्यात चिमूटभर जिप्सम टाकून पुन्हा ढवळावे. काही तासांनी पाहावे. माती चोपण असेल तर पहिल्या पेल्यातील पाणी गढूळच राहते आणि जिप्समच्या पेल्यातील माती खाली बसून पाणी निवळते. पुराच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरविल्यावर गाळ बसतो, तसाच हा प्रकार. गावच्या सभेत तासभर भाषण करण्यापेक्षा हे दोन पेले अधिक काम करतात.

नमुना कसा घ्यावा व आकडे कसे वाचावेत

पाण्याचा नमुना घेताना पंप निदान अर्धा तास चालवावा. स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून काठोकाठ भरावी व आत हवा न राहील असे बूच लावावे. हवा राहिल्यास वायू निसटून सामू बदलतो. बाटलीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक, विहिरीची वा कूपनलिकेची खोली, दिनांक व पीक लिहावे. नमुना शक्यतो दुसऱ्याच दिवशी पोहोचवावा. जिल्ह्यातील मृद् चाचणी प्रयोगशाळा, गेवराई तालुक्यातील खामगाव व अंबाजोगाई तालुक्यातील डिघोळअंबा येथील कृषि विज्ञान केंद्रे, तसेच परभणी येथील कृषि विद्यापीठ येथे तपासणीबाबत चौकशी करावी. पाणी पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या अखेरीस निराळे असते, यासाठी निदान एकदा दोन्ही वेळी तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्याची तपासणी वेगळी असते. शेतीच्या तपासणीवरून पाणी पिण्यास योग्य ठरवू नये.

अहवालातील पुढील चार गोष्टी पाहाव्यात :

(१) सामू : ६.५ ते ८.४ सर्वसाधारण. त्याहून अधिक असल्यास सावध व्हावे.

(२) विद्युत्‌वाहकता : ही एकूण विद्राव्य क्षार दाखविते. ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत पाणी बहुधा सुरक्षित, ०.७५ ते २.२५ पर्यंत निचरा पाहून वापरावे, त्यापुढे धोका.

(३) सोडियम अधिशोषण गुणोत्तर : कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या तुलनेने सोडियमचे बळ किती, हे यावरून कळते. १० पेक्षा कमी असावे. भारी जमिनीत त्याहूनही कमी असलेले बरे.

(४) शिल्लक सोडियम कार्बोनेट : कार्बोनेट व बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज वजा केली असता हा आकडा येतो. लिटरमागे १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा कमी असल्यास सुरक्षित, १.२५ ते २.५ मध्यम, २.५ च्या वर अयोग्य.

आमच्या उदाहरणातील पाण्यात कार्बोनेट १, बायकार्बोनेट ९, कॅल्शियम ३ व मॅग्नेशियम २.५ धरले तर १० उणे ५.५ म्हणजे ४.५ उरतात. हेच ते पाणी की ज्यात डाळ लवकर शिजते.

उपाय

असे पाणी असल्यास कूपनलिका बुजवावी असे नाही. आजार कळला म्हणजे औषधही ठरविता येते.

जिप्सम हे कॅल्शियम सल्फेट होय. ते स्वस्त असून पाण्यास कॅल्शियम पुरविते. शिल्लक सोडियम कार्बोनेट १ मिलिइक्विव्हॅलंटने उतरविण्यास १० लाख लिटर पाण्यामागे ८६ किलो शुद्ध जिप्सम लागते. वरील पाणी ४.५ वरून २.५ वर आणावयाचे तर २ लाख लिटरच्या एका पाळीस सुमारे ३४ किलो शुद्ध, म्हणजे ८० टक्के शुद्धतेचे सुमारे ४३ किलो जिप्सम एकरी लागेल. जिप्समची पोती हौदात ठेवून त्यांवरून पाणी वाहू द्यावे, किंवा वर्षाची मात्रा हिशेबाने काढून पावसाळ्यापूर्वी जमिनीत मिसळावी. जमीन आधीच चोपण झाली असल्यास तिची मात्रा माती परीक्षणावरून वेगळी ठरवावी.

जिप्सम टाकल्यावर सोडियम सुटून सोडियम सल्फेट बनतो. तो पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे. चर नसेल तर टाकलेले जिप्सम वाया गेले असे समजावे. म्हणून चर प्रथम व जिप्सम नंतर, हा क्रम मोडू नये.

चुनखडीयुक्त जमिनीत गंधकाचाही उपयोग होतो. मातीतील जिवाणू गंधकापासून गंधकाम्ल तयार करतात. हे आम्ल चुनखडी विरघळवून तिच्यातील अडकलेला कॅल्शियम मोकळा करते. शेणखत, साखर कारखान्याची मळी, तसेच धैंचा व ताग यांची हिरवळीची खते कुजताना सेंद्रिय आम्ले व कर्बद्विप्राणिल वायू निघतो. तीही याच कामास मदत करतात. यांशिवाय कूपनलिकेचे पाणी शेततळ्यातील पावसाच्या पाण्यात वा कालव्याच्या पाण्यात मिसळून अगर आलटून पालटून द्यावे. मोसंबी, हरभरा, मूग, उडीद यांस असे पाणी बाधते. कापूस, ज्वारी व गहू त्या मानाने सहन करतात, पण उगवणीच्या वेळी कापसासही जपावे लागते.

अल्कधर्मी जमिनीत लोह असूनही पिकास मिळत नाही. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसतात. अशा वेळी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व १० ग्रॅम लिंबूसत मिसळून फवारावे. लिंबूसताचे आम्ल लोहास विद्राव्य ठेवते. तसेच या जमिनीत युरिया उघडा टाकल्यास त्यातील नत्र अमोनिया होऊन उडून जाते, म्हणून तो मातीआड करावा.

ठिबक संच व आम्ल

जड पाणी ठिबक संचात चालविल्यास तोट्यांत चुनखडी बसते. येथे आम्लाचा उपयोग करतात. प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी घेऊन त्यात व्यापारी हायड्रोक्लोरिक आम्ल मोजून थोडे थोडे टाकावे व सामूदर्शक कागदावर ४ दिसेपर्यंत किती लागले ते लिहून ठेवावे. समजा १० मिलिलिटर लागले आणि संचातून ताशी १० हजार लिटर पाणी जाते, तर १५ मिनिटांच्या २,५०० लिटर पाण्यास अडीच लिटर आम्ल लागेल. आम्ल सोडल्यावर संच २४ तास बंद ठेवून नंतर नळ्यांची तोंडे उघडून धुऊन काढावा.

आम्ल हाताळताना नेहमी पाण्यात आम्ल ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास उष्णतेने ते उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. विरंजक चूर्ण व आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. हे काम लहान मुलांच्या हाती देऊ नये.

उपसंहार

पाणी आले म्हणजे समृद्धी आली, असे मानण्याची चूक महाराष्ट्राने पूर्वीही केली आहे. पुणे जिल्ह्यात १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि पुढील काळात त्या खोऱ्यातील चांगल्या जमिनी खारावू लागल्या. पुणे कृषि महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी त्या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. तेथे दोष मुख्यतः निचऱ्याचा होता. आपल्या जिल्ह्यात जायकवाडीचा उजवा कालवा व माजलगाव प्रकल्प यांच्या लाभक्षेत्रात तोच धोका आहे, आणि कालव्याबाहेर कूपनलिकांच्या पाण्याचा दुसरा. दोन्हींवर पहिला उपाय एकच, तो म्हणजे वेळीच केलेली तपासणी.

प्रारंभी उल्लेखिलेल्या शेतकऱ्याने पुढे चर काढले, जिप्सम व मळी घातली आणि धैंचा गाडला. जमीन सुधारते आहे, पण तीन वर्षांत बिघडलेली जमीन तीन वर्षांत पूर्ववत होत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यापुढे नवी कूपनलिका झालेली दिसताच पाण्याची चव घेण्याबरोबर एक बाटली भरून घ्यावी, आणि अहवाल हाती येईपर्यंत ‘पाणी चांगले आहे’ हे शब्द उच्चारू नयेत.